अर्जुन की ऐन? अंगणातलं मोठं झाड ओळखताना आणि सांभाळताना



आजचा भाग मी तिरुविडैमरुदूरहून बोलतेय. कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे निघालात की आठ-नऊ किलोमीटरवर हे गाव लागतं. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा भाग. दोन्ही बाजूंना भातशेती, मधूनमधून नारळ-केळी, आणि गावात महालिंगस्वामींचं भलंमोठं देऊळ. मराठी माणसाला इथं थोडं घरच्यासारखं वाटायला एक कारणही आहे. तंजावरच्या भोसल्यांपैकी अमरसिंह राजे १७९८ मध्ये गादीवरून उतरवले गेल्यानंतर याच गावी येऊन राहिले होते.

पण आज मला राजांबद्दल बोलायचं नाही, एका झाडाबद्दल बोलायचंय. ते झाड या गावाच्या नावातच बसलेलं आहे. तिरु, इडै, मरुदु, ऊर. तिरु म्हणजे श्री, इडै म्हणजे मधला, ऊर म्हणजे गाव, आणि मरुदु म्हणजे आपला अर्जुन. मधल्या अर्जुनाचं गाव. म्हणूनच संस्कृतात या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात. उत्तरेला श्रीशैलचा मल्लिकार्जुन, दक्षिणेला तिरुनेलवेलीकडचं ताम्रपर्णीच्या काठचं तिरुप्पुडैमरुदूर, आणि मध्ये हे. मरुदु हाच इथला स्थलवृक्ष.

आता हे सगळं आज का सांगतेय? मागच्या महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा मोठा निरोप आला. तो वाचून मी हा भाग करायचं ठरवलं.

ताईंनी नदीपासून थोड्या अंतरावर जुनं घर घेतलंय. परसात दोन मोठी झाडं आहेत, एक विहिरीजवळ आणि एक कुंपणाला लागून. घर विकणारे म्हणाले, 'अर्जुनाची जोडी आहे, भाग्यवान आहात.' ताईंच्या सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. त्यांनी कुठं तरी ऐकलं की अर्जुनाची साल हृदयाला चांगली. झालं! रोज सकाळी कोयती घेऊन जायचं, कुंपणाजवळच्या झाडाची साल काढायची आणि काढा करून प्यायचा. ताई लिहितात, 'झाड एका बाजूनं कमरेइतक्या उंचीपर्यंत सोललं गेलंय. त्यात बाबांनी परवापासून एक गोळी बंद केलीय, म्हणतात आता गरज नाही. शिवाय शेजारी म्हणतात, झाडं घराला धोक्याची आहेत, तोडून टाका. आम्ही काय करावं?'

बघा, एका निरोपात तीन प्रश्न आहेत. झाड कोणतं? साल घ्यावी का? आणि झाड ठेवावं का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं पहिल्यावर अवलंबून आहेत. म्हणून ओळखीपासूनच सुरुवात करू.

आधी कुळी ओळखा

अर्जुन ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्याला तुम्ही आधीच ओळखता. हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, आणि रस्त्याकडेला लावतात तो देशी बदाम, हे सगळे त्याचे सख्खे भाऊ. वनस्पतिशास्त्रात या सगळ्यांचं आडनाव एकच, टर्मिनॅलिया. त्यामुळे घोटाळा व्हायचा तो बहुतेक वेळा भावाभावांतच होतो, आणि सगळ्यात जास्त होतो तो अर्जुन आणि ऐन या दोघांत. दोघंही उंच, दोघांची पानं लांबट, दोघांच्या फळांना पाच पंख. मराठीत 'सादडा' हे नाव काही भागांत ऐनाला आहे आणि काही भागांत अर्जुनाला. एकाच्या तोंडचा सादडा आणि दुसऱ्याच्या तोंडचा सादडा एकच असेल याची खात्री नाही. म्हणून नावावर जाऊ नका, झाडाकडे बघा.

सुरुवात पानापासून करा. अर्जुनाचं पान लांबट, साधारण हाताच्या पंजाएवढं, टोकाला बोथट. पुष्कळांना ते पेरूच्या पानासारखं वाटतं. पान उलटं करा आणि देठ जिथं पानाला मिळतो तिथं नीट बघा. मधल्या शिरेच्या बुडाशी दोन बारीक मणी दिसतील, मोहरीहूनही लहान. हे मणी दिसले की कुळी कळली, हा पेरू नाही. पण मण्यांवरून अर्जुन की ऐन ते ठरत नाही, कारण ऐनाच्या पानालाही ते असतात. त्यासाठी बुंध्याकडे चला.

पांढरा आणि काळा

'अर्जुन' या शब्दाचा अर्थच मुळी पांढरा, उजळ. झाडाला हे नाव सालीवरून शोभतं. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी, कधी तिच्यात गुलाबी किंवा हिरवट झाक. ती भेगाळत नाही, तिचे मोठाले पातळ पापुद्रे सुटून पडतात. पापुद्रा सुटला की खालचा ताजा भाग आणखी उजळ दिसतो, त्यामुळे बुंध्यावर फिकट-गडद ठिगळं लावल्यासारखी नक्षी असते. जुन्या झाडाचा बुंधा बुडाशी गोल राहत नाही. फळ्या उभ्या कराव्यात तशा कडा मुळांकडे उतरतात.

ऐन याच्या नेमका उलटा. त्याची साल काळपट, जाड, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोन पडलेली. मगरीची पाठ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ऐन कसा दिसतो ते कळेल. ही जाड साल त्याला जंगलातल्या वणव्यातून वाचवते.

आता गंमत बघा. दक्षिणेतल्या लोकांनी ही ओळख थेट नावातच घालून ठेवलीय. तमिळमध्ये अर्जुन म्हणजे वेळ्ळै मरुदु, पांढरा मरुदु, आणि ऐन म्हणजे करुमरुदु, काळा मरुदु. कन्नडमध्ये अर्जुन बिळी मत्ती, ऐन करी मत्ती. तेलुगूत अर्जुन तेल्ल मद्दी, ऐन नल्ल मद्दी. तीन भाषा, आणि तिन्हींत एकच खूण, गोरा तो अर्जुन आणि काळा तो ऐन. आपल्याकडे 'अर्जुन' हा शब्द संस्कृतातून तसाच आला. त्याचा अर्थ आपण विसरलो, धनुर्धारी तेवढा लक्षात राहिला, आणि खूण हातची गेली.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गुळगुळीत, सोलणारी साल म्हणजे अर्जुनच, असंही नाही. सह्याद्रीतला नाणा, विदर्भातला बोंडारा यांचीही साल फिकट आणि पापुद्रे सुटणारी असते. निलगिरीचीही असते. इथं तमिळ मुलखात तर तामणीच्या झाडालाही पूमरुदु म्हणतात, म्हणजे फुलांचा मरुदु. साल जुळली म्हणून थांबू नका. शेवटचा निकाल फळ देतं.

फळ हातात घ्या

अर्जुनाला उन्हाळ्यात, साधारण एप्रिल ते जूनच्या दरम्यान, फिकट पिवळसर फुलांचे तुरे येतात. फुलाला पाकळ्या नसतात, बाहेर आलेले केसर तेवढे दिसतात. मधासारखा गोडसर वास येतो आणि मधमाश्यांची गर्दी होते. त्यानंतर फळं धरतात, ती पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास वाळून तपकिरी होतात आणि खाली पडतात. म्हणजे वर्षातले बरेच महिने झाडाखाली एखादं तरी जुनं फळ सापडतंच. झाडाखाली वाका, एक उचला.

कठीण, लाकडासारखं, एक ते दोन इंचांचं फळ, त्याला उभ्या पाच धारा. कमरखासारखा आकार म्हटलं तर लगेच कळेल. आता धारेवरच्या रेषा बघा. अर्जुनाच्या फळाची धार अरुंद, जाड, आणि तिच्यावरच्या बारीक रेषा वरच्या दिशेला वळलेल्या. ऐनाच्या फळाचे पंख जास्त रुंद, कागदासारखे, आणि त्यांवरच्या रेषा मधून कडेपर्यंत सरळ आडव्या गेलेल्या. किंजळीच्या फळाला तर एकच मोठा पंख आणि दोन छोटे असतात. नाणा, बोंडारा, तामण यांच्या फळांना पंखच नसतात, ती फुटणारी बोंडं असतात. निलगिरीचं फळ म्हणजे इवलीशी टोपी.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. पानाच्या बुडाचे मणी कुळी सांगतात, साल पांढरा की काळा ते सांगते, आणि फळाच्या धारेवरच्या रेषा सही-शिक्का मारतात. तिन्ही जुळल्या तरच नाव घ्या.

मी ताईंना हेच कळवलं. दोन्ही झाडांचे पान, साल आणि खाली पडलेलं फळ, असे सहा फोटो पाठवा म्हटलं. फोटो आले. विहिरीजवळचं झाड गोरं, पापुद्रे सुटलेलं, फळाच्या रेषा वर वळलेल्या. अस्सल अर्जुन. आणि कुंपणाजवळचं? काळं, मगरीच्या पाठीचं, रुंद पंखांचं. तो ऐन.

म्हणजे दोन महिने बाबा ज्याचा काढा पीत होते, तो अर्जुन नव्हताच. बिचाऱ्या ऐनाची साल गेली, आणि ज्या आशेनं प्यायला ती आशाही चुकीच्या झाडाला बांधलेली.

हसू येईल, पण हसण्यावारी नेऊ नका. ओळखीची चूक झाली तर काय होतं, ते यात पूर्ण दिसतं.

सालीचं काय करायचं?

अर्जुनाच्या सालीचं औषधी नाव खोटं नाही. आयुर्वेदात तिचा उपयोग जुना आहे. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्तांच्या ग्रंथात हृद्रोगासाठी दुधात शिजवलेली अर्जुनाची साल सांगितलेली आहे, आणि अर्जुनारिष्ट आजही वैद्य देतात. आधुनिक पद्धतीनंही तिच्यावर अभ्यास झालेत, पण ते बरेचसे लहान आहेत. त्यांच्यावरून 'ही साल घ्या आणि गोळी सोडा' असं कुणालाही म्हणता येत नाही. वैद्य औषध देतात तेव्हा साल कोणत्या झाडाची, किती, कशात शिजवलेली, कुणासाठी, किती दिवस, हे सगळं ठरलेलं असतं. कोयत्यानं काढलेल्या मूठभर सालीत यातलं काहीच ठरलेलं नसतं.

आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या बाबतीत मी हात जोडून सांगते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, यातली एकही डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या जागी गुठळी होऊ नये म्हणून काही गोळ्या दिलेल्या असतात. त्या मध्येच सोडल्या तर जीवावर बेतू शकतं. काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा की मी हे घेतोय. लपवू नका. काढा नैसर्गिक आहे म्हणून गोळ्यांशी त्याचं जमेलच, असं नसतं.

ताईंना मी पहिला निरोप झाडाबद्दल पाठवलाच नाही. 'आजच्या आज बाबांच्या डॉक्टरांना फोन करा' एवढाच पाठवला. त्यांनी केला. गोळी त्याच दिवशी परत सुरू झाली.

आता झाडाच्या बाजूनं बघू. साल म्हणजे झाडाचा नुसता अंगरखा नाही. बाहेरचा सुटणारा पापुद्रा मेलेला असतो, तो गेला तर काही बिघडत नाही. पण त्याच्या आत जिवंत सालीचा थर आहे. पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न त्याच थरातून खाली मुळांपर्यंत जातं. त्याच्याही आत एक अगदी पातळ, ओलसर थर असतो, जिथून दरवर्षी नवं लाकूड आणि नवी साल तयार होते. कोयता तिथपर्यंत पोचला की त्या जागी वाट तुटली. आणि बुंध्याभोवती गोल पट्टा काढला तर सगळ्याच वाटा तुटल्या. वरचं झाड काही काळ हिरवं दिसतं, कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढत असतं. पण मुळं उपाशी पडतात. एक-दोन पावसाळे जातात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. लोक म्हणतात, 'काय झालं कुणास ठाऊक, आपोआप वाळलं.' आपोआप काही नसतं हो.

नीट जाणणारे लोक साल घेतात तेव्हा मोठ्या, वयानं पक्क्या झाडाचीच घेतात. एकाच बाजूनं, उभा छोटा तुकडा, आतला ओला थर शाबूत ठेवून. ती जागा भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावत नाहीत. रोजच्या काढ्यासाठी रोज सोलणं यात बसत नाही. एकटं अंगणातलं झाड रोज देऊ शकत नाही. साल लागणारच असेल तर ती वैद्यांकडून, खात्रीच्या दुकानातून घ्या. अंगणातल्याला सावली देऊ द्या.

ऐनाबद्दलही एक गोष्ट. २०२४ मध्ये आंध्रातल्या पापीकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी ऐनाच्या खोडाला छेद दिला आणि आतून पाण्याची धार लागली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. कोरड्या दिवसांत ऐन खोडात पाणी साठवतो, हे खरंच आहे. पण म्हणून आपल्या परसातल्या ऐनाला कुऱ्हाड लावून बघू नका. प्रत्येक ऐनात पाणी असतं असं नाही, आणि जखम मात्र प्रत्येक वेळी होते.

अंगणात ठेवायचं तर

आता तिसरा प्रश्न. ठेवावं का?

एक लक्षात घ्या, अर्जुन हे नदीकाठचं झाड आहे. ओढ्या-नाल्यांच्या कडेला, पाण्यात पाय सोडून उभं राहणारं. संस्कृतात त्याचं एक नाव नदीसर्ज आहे. प्राचीन तमिळ काव्यात जमिनीचे पाच प्रकार मानले आहेत, त्यातल्या नदीकाठच्या शेतजमिनीच्या प्रकाराला मरुदम हेच नाव आहे. इथं कावेरीच्या मुलखात आलं की ते नाव का पडलं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पाण्याची ओढ असलेलं झाड पंचवीस मीटरपर्यंत उंच जातं. जागा मिळाली की घेर पसरतो, फांद्या खाली झुकतात. म्हणून नवीन लावत असाल तर घरापासून आठ-दहा मीटर तरी लांब लावा. सेप्टिक टँक, गळकी गटारं, जुनी पाण्याची पाइपलाइन यांच्यापासूनही लांब ठेवा. मुळं पक्की नळी फोडत नाहीत, पण गळणारी जागा अचूक शोधून काढतात. फरशी बुंध्याला चिकटवून घालू नका, बुडाच्या त्या फळ्या वाढल्या की फरशी उचलली जाणारच. लहान अंगण असेल तर मी स्पष्टच सांगते, अर्जुन नको. तुती लावा. तुती दरवर्षी छाटून डोक्याच्या उंचीला ठेवता येते, पोरांना खायला फळं मिळतात, पक्षी येतात.

तुम्ही म्हणाल, अर्जुनही छाटून छोटा ठेवता येत नाही का? येतो. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे ठेवतातही. इथं तिरुविडैमरुदूरच्या शेजारी तिरुभुवनम म्हणून गाव आहे, तिथल्या रेशमी साड्या प्रसिद्ध आहेत. ते रेशीम तुतीच्या पानावर वाढणाऱ्या किड्याचं. पण विदर्भातलं टसर, ज्याला आपण कोसा म्हणतो, ते ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या रानटी किड्याचं. करवतकाठी साडीचा धागा हाच. टसरसाठी लावलेला अर्जुन दाट लावतात आणि छाटून हाताशी येईल एवढा ठेवतात, कारण अळ्या झाडावरच सोडायच्या आणि राखायच्या असतात. म्हणजे छाटणी झाडाला सोसते. पण ती लहानपणापासून, दरवर्षी, नेमानं करावी लागते. पन्नास वर्षं वाढू दिलेल्या झाडाचा एकदम शेंडा उडवला तर तो नियम लागू पडत नाही. तिथं मोठ्या जखमा होतात, त्यात पाणी मुरतं, कुजतं, आणि नंतर फुटणाऱ्या फांद्या कमजोर जोडाच्या असतात. तोडणारे 'डोकं हलकं करून देतो' म्हणतील. करू देऊ नका. पावसाळ्याआधी वाळलेल्या, घरावर आलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या तेवढ्या फांद्या माहीतगार माणसाकडून काढून घ्या.

बाकी रोजचं जगणं म्हणाल तर पानगळ थंडीच्या शेवटी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते आणि थोडेच दिवस चालते. पानं जाळू नका. झाडाखालीच पसरा, म्हणजे ओल टिकते. ती कुजायला वेळ घेतात, घाई करू नका. फळं मात्र कठीण आणि धारदार, अनवाणी पायाला चांगलीच लागतात. पागोळीच्या पन्हाळ्यात अडकतात. मृगाआधी पन्हाळी साफ करायला विसरू नका.

पानांवर बारीक गाठी, फोड आलेले दिसतील. ती एका लहानशा किड्याची कामगिरी. पानं विचित्र दिसतात, पण मोठं झाड त्यानं मरत नाही. फवारणी करू नका. फुलांच्या दिवसांत तर अजिबातच नको, मधमाश्या मरतील. कधी जाड, हिरवीगार, बोटापेक्षा मोठी अळी दिसली आणि तुम्ही विदर्भातल्या जंगलाजवळ राहत असाल तर ती टसरची असू शकते. मारण्याआधी एकदा मुलांना दाखवा, मग बहुतेक मारावंसं वाटणार नाही.

धोक्याचं झाड कसं ओळखायचं

शेजारी 'धोक्याचं' म्हणतात, ते नेहमी चुकीचंच असतं असं मी म्हणणार नाही. मोठं झाड पडू शकतं. पण मोठं म्हणजे धोक्याचं, हे समीकरण बरोबर नाही. काही खुणा बघा. बुंधा नव्यानं झुकलाय का? झुकावाच्या उलट बाजूची माती उचलली गेलीय, भेगाळलीय का? बुडाशी कुत्र्याच्या छत्रीसारखी, फळीसारखी बुरशी आलीय का? खोडावर ठोकलं तर पोकळ आवाज येतो का? मोठ्या फांदीच्या जोडात उभी चीर आहे का? जवळच खणकाम होऊन मुळं तुटलीत का? यातलं काही असेल तर जाणकाराला बोलवा. काहीच नसेल तर शेजाऱ्यांना चहाला बोलवा आणि झाडाखालीच बसवा. मे महिन्यात दुपारी बसवलंत तर जास्त बोलावं लागणार नाही.

आणि तोडायचंच ठरलं तरी आपल्याच अंगणातलं झाड म्हणून मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत ऐनाचं नाव आहे. म्हणजे इथंही पुन्हा तेच, झाड कोणतं हे आधी माहीत हवं.

ताईंना दिलेलं उत्तर

तर ताईंना शेवटी काय सांगितलं?

विहिरीजवळचा अर्जुन घरापासून लांब आहे, सरळ आहे, बुंधा निरोगी आहे. त्याला काही करायचं नाही. बुंध्याभोवतीचा जुना सिमेंटचा कट्टा तेवढा फोडून माती मोकळी करायची.

कुंपणाजवळच्या ऐनाची साल निम्म्या घेरापर्यंत गेलीय. निम्मा घेर शाबूत आहे, म्हणून आशा आहे. आजपासून एक कपचीही काढायची नाही. जखमेवर सिमेंट, डांबर, ऑइल पेंट काही लावायचं नाही, त्यानं ओल आत कोंडते. कडेच्या लोंबणाऱ्या चिंध्या धारदार सुरीनं हलक्या हातानं साफ करायच्या, बस. कडक उन्हाळ्यात घेराच्या खाली, बुंध्यापासून लांब, खोलवर पाणी द्यायचं. मुळांपाशी खणायचं नाही. मग वाट बघायची. जखमेच्या काठानं नवी साल ओठासारखी गोल वळून आत येताना दिसली की समजायचं, झाड लढतंय. पूर्ण बुजायला वर्षं लागतील, आणि तोवर वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा दर पावसाळ्याआधी तपासायच्या.

ताईंचा परवा परत निरोप आला. बाबांना आधी वाईट वाटलं. म्हणाले, 'मला वाटलं मी अर्जुनाच्या आसऱ्याला आहे.' मग दोन दिवसांनी स्वतःच कोयती माळ्यावर ठेवून आले. आता सकाळी गोळ्या घेतात, आणि मग विहिरीजवळच्या अर्जुनाखाली खुर्ची टाकून पेपर वाचतात. ताईंनी लिहिलंय, 'आसरा तोच, फक्त आता सोलत नाहीत.'

गोकुळातल्या अंगणातली यमलार्जुनाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. उखळ ओढत बाळकृष्ण दोन झाडांच्या मधून गेला आणि दोन्ही झाडं उन्मळून पडली. त्या झाडांत शापित यक्षपुत्र होते, पडल्यावर ते सुटले. आपल्या अंगणातल्या झाडांत कुणी अडकलेलं नाही मंडळी, त्यांना पाडून कुणाची सुटका व्हायची नाही. त्यांना फक्त ओळखायचं, जागा द्यायची आणि साल अंगावर राहू द्यायची.

आता तुम्ही एक करा. तुमच्या घराजवळ, शाळेच्या आवारात, नदीच्या घाटावर ज्याला सगळे अर्जुन म्हणतात असं एखादं झाड असेल, त्याच्याखाली जाऊन एक फळ उचला. धारेवरच्या रेषा वर वळल्यात की आडव्या गेल्यात, बघा आणि मला कळवा. बरेच 'अर्जुन' ऐन निघतील, बघाच तुम्ही.

भेटू पुढच्या भागात. तोवर झाडं सांभाळा, आणि गोळ्या वेळेवर घ्या. नमस्कार.